बखारीभोवती

सांगानेरी दरवाज्याबाहेर रिक्षाची वाट पाहत उभी असताना रत्नप्रभाच्या कानावर ते नाव पडलं. चाकसूकडे जाणारी एक मोटार घरघरत उभी होती आणि तिच्या दारात लोंबकळणारा क्लीनर पत्र्यावर थापा मारत ओरडत होता, “सांगानेर, शिवदासपुरा, बखार, चाकसू! आओ, बखारवाले, चाकसूवाले!” तिच्या पिशवीत गोणपाट होतं, सुतळीचा गुंडा होता, दाभण होतं. महिनाअखेर गांधीनगरमधलं सरकारी क्वार्टर रिकामं करून मुलीला, विभाला, घेऊन तिला सोलापूरला धाकट्या दिरांकडे जायचं होतं, आणि आज सकाळपासून ती बांधाबांधीपलीकडे काही आठवायचं नाही असं ठरवून बाहेर पडली होती. आणि हे नाव असं भर रस्त्यात, कुणा पोरसवदा क्लीनरच्या तोंडून, कांदेबटाटे ओरडावेत तसं. आठ वर्षं तो शब्द तिच्या घरात होता, नवऱ्याच्या कागदांत, त्याच्या बुटांच्या धुळीत. तो घराबाहेरही असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता त्या नावाचा थांबा झाला होता. लोक त्या नावाचं तिकीट काढत होते. एक म्हातारा कोंबड्यांची टोपली घेऊन चढला, त्याच्यामागे दोन बायका चढल्या. “चढायचं तर चढा, बहनजी,” असं काहीतरी क्लीनर म्हणाला, आणि ती चढली. ठरवून चढली असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नसतं.

खिडकीशी बसल्यावर मात्र तिचं अंग गरम झालं. आपण हे काय करतो आहोत? विभा कॉलेजातून येईल, कुलूप पाहील, शेजारच्या मिसेस माथुरांकडे जाऊन बसेल. पण मोटार सुटली होती. छप्पन साली जयपूरला बदली होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नागनाथराव एका संध्याकाळी म्हणाले होते, “एक बखार सापडली आहे.” त्यावर ती हसली होती. बखार म्हणजे आपली वखारच, आणि वखार म्हटलं की तिला मोहोळच्या स्टेशनाजवळची जळणाची वखार आठवायची, लाकडांचा ओला वास, मोठा लोखंडी काटा आणि वखारवाल्याचा शेंबडा मुलगा. “त्यात सापडायचं काय?” तिनं विचारलं. नागनाथराव पुरातत्त्व खात्यात सर्वेक्षक होते. किल्ले, देवळं, समाध्यांवरच्या छत्र्या मोजायच्या, नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. घरात मोजकं बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र जेवण निवत ठेवून ते बोलत राहिले. चाकसूच्या वाटेवर मोरखेडीला शेतात एक जुनं कोठार आहे, दीडएकशे वर्षांचं तरी असेल, खाली बैल, वर धान्य, भिंती अशा की उन्हाळ्यात आत शाल लागावी. भरली गाडी बैलांसकट आत जाते. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे त्यांच्या संवत छप्पनच्या, पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या, आसपासची सगळी गावं त्या एका कोठारावर जगली. आणि आता रस्ता रुंद करायचा म्हणून ठेकेदाराला त्याचे दगड हवेत. “राजाचा महाल असता तर कुणी हात लावला असता?” ते म्हणाले होते. त्यांचा आवाज चढलेला तिनं तेव्हा प्रथम ऐकला, आणि तिला बरंही वाटलं होतं. हे सुरुवातीचं बरं वाटणं ती पुढे साफ विसरून गेली होती. आता मोटारीच्या धक्क्याबरोबर ते वर आलं आणि तिला चोरीचं काही हाताला लागावं तसं झालं.

खात्यातले लोक त्यांना हसले. किल्ले ढासळताहेत आणि हे गोठ्याला संरक्षण मागताहेत, म्हणाले. मग दर रविवारी ते सायकल मोटारीच्या टपावर टाकून तिकडे जायला लागले. पायांत बूट घालता घालता मान वर न करता विचारायचे, “येतेस?” पहिल्या वर्षी ती म्हणायची, विभाचा अभ्यास आहे, पापड करायचे आहेत, पुढच्या रविवारी येईन. ते तसं खरंच होतं. मग सत्तावन्नचा उन्हाळा आला. मोहोळहून तार आली की आईचं पोटाचं दुखणं बळावलं आहे. ती ट्रंक काढायला लागली तेव्हा नागनाथराव म्हणाले, “आठवडाभर थांब. दिल्लीहून साहेब येताहेत बखार पाहायला. त्यांचं झालं की तिघंही जाऊ.” ती थांबली. साहेब आले, उन्हाला कंटाळून रस्त्यावरूनच बखारीकडे बोट दाखवून परत गेले. आणि ती मोहोळच्या घरात शिरली तेव्हा माजघर शेणानं सारवलेलं होतं आणि आईच्या अंथरुणाच्या जागी पिठावर दिवा ठेवलेला होता. वहिनी म्हणाली, “परवापर्यंत विचारत होत्या.” एवढंच. त्यानंतर ‘येतेस?’ला ती फक्त ‘आज नको’ म्हणायला लागली. त्यात रागाचा सूरही नसायचा. राग तिनं नीट घडी घालून आत ठेवला होता, ठेवणीतल्या लुगड्यासारखा. पण आज, उन्हानं तापलेली मोटारीची कड धरून बसली असताना, तिला एक साधी गोष्ट सुचली, आणि इतक्या वर्षांत ती सुचू नये याचं तिला नवल वाटलं. आपण एकट्या का नाही गेलो? मला उद्याच्या गाडीत बसवून द्या, असं म्हटलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. स्टेशनावर आले असते, डब्यातल्या कुणा बाईला ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणाले असते. ती म्हणालीच नव्हती. थांब म्हटल्यावर थांबली, आणि थांबल्याचा सगळा दोष तिनं एका इमारतीवर टाकला.

सांगानेर गेलं. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, जवाच्या पेंढ्या, बाभळीखाली बसलेल्या बायका. बासष्ट साली हुकूम निघाला होता. बखार संरक्षित झाली होती, आणि त्याहून अवघड म्हणजे, ती रिकामी न करता झाली होती. खात्याला आधी ती धुऊनपुसून कुलूपबंद हवी होती. नागनाथराव अडून बसले होते की तिच्यात धान्य आणि बैल राहिलेच पाहिजेत, ज्यांची आहे त्यांनीच ती वापरली पाहिजे, नाहीतर तिला कसर लागेल. त्या दिवशी ते जौहरी बाजारातून मिश्रीमाव्याची पेटी घेऊन आले आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून उभे राहिले. तिला कळलं होतं. तिनं पेटी उचलून फळीवर ठेवली आणि म्हणाली, “पानं घेऊ का?” मिठाईला मुंग्या लागल्या, मग ती भांडीवालीला देऊन टाकली. ते ‘येतेस?’ विचारायचं कधीतरी थांबले होते. कोणत्या रविवारी, ते तिला आठवेना. एखादा आवाज बंद पडल्यावर बऱ्याच वेळानं लक्षात यावं की तो आता येत नाही, तसं ते झालं असणार. आणि लक्षात आल्यावरही तिनं काही केलं नव्हतं. रविवारी सकाळी उठून ती त्यांचा डबा तेवढा भरायची. पोळ्या, भाजी आणि शेंगदाण्याची लाल चटणी. चटणी ते जास्त न्यायचे. इतकी कशाला लागते, असं तिनं विचारलं नव्हतं.

आणि या माघात पाऊस झाला. इकडे थंडीतल्या पावसाला मावठ म्हणतात. गव्हाला चांगला, माणसांना वाईट. छताच्या दगडी पट्ट्या गळतात का पाहायला ते भर पावसात मोरखेडीला गेले आणि निथळत परत आले. ताप छातीत उतरला. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि खोल आवाजात म्हणाले, “पट्ट्या गळत नाहीत.” “बरं झालं,” ती म्हणाली, आणि कपाळावरची पट्टी बदलली. बरं झालं. कुणाच्या घरी लग्न ठरल्याचं कळावं तसं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. आज दोन महिने होऊन गेले, ते दोन शब्द तिच्या तोंडातून जात नव्हते. मागं राहिलेल्या जिऱ्यासारखे कुठेतरी दाताखाली येतच होते.

“बखार! बखार उतरो!” ती उतरली. मोटार धूळ उडवून निघून गेली आणि अचानक सगळं शांत झालं. रस्त्याच्या कडेला खात्याची निळी पाटी होती. पाटीमागून एक पायवाट हरभऱ्याच्या शेतांतून सरळ जात होती, आणि तिच्या टोकाला बखार उभी होती. रत्नप्रभाला वाटलं होतं, काहीतरी भव्य असेल, घुमट, कमानी, तिच्या आठ वर्षांच्या रागाला शोभेलसं. ही तर एक लांबरुंद, बसकी, ताकाच्या रंगाची इमारत होती. भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या. उंचावर वाऱ्यासाठी हातभर झरोके. मोठ्या दाराच्या दोन्ही अंगांना बायकांच्या गेरूच्या हातांचे ठसे, जुन्यांवर नवे. एवढ्यासाठी? असं तिच्या मनात आलं. ती चालत राहिली. जवळ गेल्यावर वास आला. कडबा, शेण, जुनं धान्य आणि त्याखाली चुन्याचा थंड वास. रविवारी रात्री त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. सोमवारी ती तो सदरा सोडा घालून उकळायची.

दारात एक म्हातारी सुपात हरभरा पाखडत बसली होती. हाडापेरानं मोठी, चेहरा भाजक्या मातीसारखा, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोयं. डोळ्यांवर हात धरून तिनं विचारलं, “कुण छो, बाई?”

आपण कोण म्हणून सांगायचं ते रत्नप्रभानं ठरवलं नव्हतं. “मैं जयपूर से,” ती म्हणाली. “नागनाथजी के घर से.”

सूप म्हातारीच्या हातातून सुटलं. हरभरे अंगणभर झाले. ती तशीच बसून राहिली आणि रत्नप्रभाच्या चेहऱ्याकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहू लागली. मग गुडघ्यांवर हात टेकत उठली, जवळ आली, आणि वासराचे पाय तपासावेत तसे तिचे गुडघे दोन्ही हातांनी लुगड्यावरून दाबून पाहू लागली. रत्नप्रभा दचकून मागं सरली.

“चालत आलीस?” म्हातारीनं विचारलं. ती इकडची ढूंढाडी बोली आणि हिंदी एकत्र करून बोलत होती. आठ वर्षांच्या वास्तव्यानं रत्नप्रभाला ते सगळं समजत होतं. “सडकेपासून? एकटी? कुणाचा हात न धरता?”

“हो. एवढंसं तर आहे.”

“एवढंसं!” म्हातारीनं आभाळाकडे हात जोडले आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, “अरी गुलाबी! अणची! बाहेर या गं! नापवाल्या बाबूजींची घरवाली आली! चालत आली! मातेनं पाय दिले!”

बखारीच्या अंधारातून दोन सुना घुंघट सावरत बाहेर आल्या, शेतातून आणखी तीनचार बायका धावल्या. कुणी खाट टाकली, कुणी पाणी आणलं. म्हातारीचं नाव धापूबाई. बखार तिच्या सासऱ्याच्या आजानं बांधलेली. तिनं रत्नप्रभाला खाटेवर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसली, आणि नागनाथरावांचं नाव काढून आधी पदर तोंडाला लावून रडून घेतलं. त्यांच्या जाण्याची बातमी खात्याच्या चौकीदाराकडून कळली होती. मग डोळे पुसून ती बोलायला लागली आणि रत्नप्रभा ऐकत राहिली. आधी तिला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. नापवाले बाबूजी, मोजमाप करणारे बाबूजी, फार बोलायचे. फार हसवायचे. टेप धरायला सुनांना उभं करायचे आणि एखादीनं चुकीचं टोक धरलं की म्हणायचे, आता बखार आणखी मोठी झाली, हिचा सारा वाढणार. बैलांना मराठीत शिव्या द्यायचे. डब्यातली लाल चटणी सगळ्यांना वाटायचे. “तुझ्या हातची,” धापूबाई म्हणाली. “बाजरीच्या रोटीवर. मी म्हणायची, बाबूजी, एकदा घेऊन या तिला. गणगौरीला आणा, तीजेला आणा. ते म्हणायचे, घरात काम असतं. कधी म्हणायचे, मुलीची परीक्षा आहे. एकदा मी रागावले. म्हटलं, आमच्या घरचं पाणी चालत नाही का तिला? तेव्हा खाली मान घालून म्हणाले, तसं नाही माई. तिच्या पायांत जोर नाही. तिला चालता येत नाही.”

रत्नप्रभानं हातातला पाण्याचा लोटा खाली ठेवला.

“मी म्हटलं, गाडी पाठवते, गादी घालून. चार जणी उचलून आणतो. तर म्हणाले, नको. फार मानी आहे ती. कुणी उचलून आणलेलं तिला चालायचं नाही. येईल तेव्हा आपल्या पायांनी येईल.” धापूबाईनं नाक ओढलं. “मग मी चाकसूला गेले, शीतळामातेच्या मेळ्याला. सांगितलं मातेला, तिला पाय दे. ती चालत माझ्या दारात येईपर्यंत गुळाला तोंड लावायची नाही. चार मेळे झाले. यंदा तर ते नव्हते. तरी गेले. म्हटलं, त्याला नेलंस, आता तिला तरी चालव, एकटीनं बसून कसा जन्म काढील ती?”

बायका तिच्या पायांकडे पाहत होत्या. तिनं नकळत पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिला आधी राग आला, असा की कानशिलं तापली. आपल्याला पांगळं केलं यांनी, या सगळ्या बायकांपुढे. चार वर्षं या सगळ्यांनी आपली कीव केली. आणि मग तो राग उभाच राहीना. दुसरं काय सांगायला हवं होतं त्यांनी? की तिला यायचं नाही? की मी दर रविवारी विचारतो आणि ती नाही म्हणते? त्यांनी तिचा नकार लपवला होता. घरातलं वैगुण्य पाहुण्यांपुढे झाकावं तसा झाकला होता, आणि त्यासाठी खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला मान खाली घालावी लागली होती. सांगून टाकावं, तिला वाटलं. माई, माझे पाय कधीच दुखले नाहीत, मी धडधाकट होते, घरात बसून होते. शब्द ओठांशी आले. तिनं धापूबाईकडे पाहिलं. चार वर्षं या बाईनं गूळ खाल्ला नव्हता.

“चाकसूला आपण नंतर जाऊ,” धापूबाई उठत म्हणाली. “आधी ह्या बखारीला एक फेरी घाल. वाचवली त्यांनी. त्यांना दाखव चालून. ऊठ, बाई.”

ती उठली. बायका बाजूला झाल्या. कुणीतरी गाणं सुरू केलं, मातेचं असावं, एकीनं उचललं, मग सगळ्यांनी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालायचं म्हटल्यावर तिला आपले पाय परके वाटू लागले. पाऊल कसं टाकतात? आधी टाच की चवडा? तिनं भिंतीला हात लावला. भिंत वरून उबदार होती, आणि हात दाबून धरला तर आत खोलवर गार. कोपऱ्यावर ती वळली, आणि बखारीच्या मागच्या अंगाला आली. इथे कुणी नव्हतं. नुसतं ऊन आणि एक भलामोठा कडुलिंब. छताजवळ एका ठिकाणी नवा चुना होता, अजून पांढरा. माघातल्या पावसाआधी केलेली डागडुजी. त्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हे. इथे, चिखलात उभं राहून, पाऊस चष्म्यावर घेत, मान वर करून. मागून कुणी छत्री धरायला नव्हतं. ती त्यांच्यासारखीच मान वर करून उभी राहिली, आणि तिच्या पोटऱ्या खरोखरच कापायला लागल्या. एक पाऊल पुढे टाकता येईना. पलीकडे गाणं चाललं होतं. ते संपत आलं, थांबलं. बायका वाट पाहत होत्या. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तोंडात पदर घालून रडली. त्यांच्या दहाव्याला रडली नव्हती तशी, मोहोळला पिठावरचा दिवा पाहून रडली नव्हती तशी. “बाई?” पलीकडून धापूबाईची हाक आली, घाबरलेली. “ठीक छो, बाई?”

“येते,” ती ओरडली. “थांबा. येते आहे.”

भिंत धरून धरून ती निघाली. दुसरा कोपरा वळताना एक सून धावत पुढे आली, तशी धापूबाईनं तिला हातानं मागं सारलं. “तिला येऊ दे. तिची ती येईल.” ती दारापाशी पोचली तेव्हा बायकांनी तिच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली. आतून गुळाचा खडा आणला गेला. धापूबाईनं तोंड पुढे केलं आणि रत्नप्रभानं स्वतःच्या हातानं तो तिला भरवला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. तिला गूळ चावताही येईना, दात थोडेच होते. ती तो लहान मुलासारखा गालात धरून चोखत राहिली आणि तिच्या हनुवटीवर रस ओघळला.

मग त्यांनी तिला पुन्हा खाटेवर बसवलं. सुना खाली बसल्या आणि इकडच्या रीतीप्रमाणे मोठ्या बाईचे पाय चेपावेत तसे तिचे पाय चेपू लागल्या. तिनं नको म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही. बखारीतून एक बैल हंबरला. परतीची मोटार केव्हा असते, विभा कुठे बसली असेल, हे विचारायला हवं होतं. घरी गेल्यावर तिला काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची? धाकटी सून, गुलाबी, पोटरीवर हात फिरवताना थांबली आणि घुंघटातून वर पाहत तिनं हळूच विचारलं, अजून दुखतं का?

रत्नप्रभानं तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यापाशी गेरू लागलेला होता.

“हो,” ती म्हणाली. “दुखतं.”